बेंगळुरूचे पाच दिवस : गटमुलाखतीची तयारी

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मिरजेहून सुटलेली राणी चन्नम्मा एक्सप्रेस बेळगाव, हुबळी मागे टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला पोहोचते. मुंबई, पुणे, सोलापूरकडची मुले उद्यान एक्सप्रेसने येतात. या गाड्यांत नोकरीसाठी निघालेले अभियंते असतात, मुलीच्या घरी चाललेले आईवडील असतात, आणि बऱ्याचदा एखाद्या खिडकीशी अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी असते. मांडीवर प्रमाणपत्रांची फाईल, पिशवीत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनात एकच प्रश्न : ‘बाकीचे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणार, त्यांच्यात आपला निभाव लागेल का?’

बेंगळुरू म्हटले की आज संगणकाच्या कंपन्या आठवतात. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ साली याच शहरात गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. १६३८ च्या विजापुरी मोहिमेनंतर ते शहाजीराजांकडे आले. पण खिडकीशी बसलेल्या त्या उमेदवाराच्या बेंगळुरूचा पत्ता वेगळा आहे. छावणी भागातील कब्बन रोडवर ‘सिलेक्शन सेंटर साऊथ’ हे लष्कराचे निवड केंद्र आहे. सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांची निवड करणारी मंडळे, म्हणजे ‘सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड’, देशात ज्या मोजक्या शहरांत आहेत त्यांपैकी बेंगळुरू हे एक. प्रयागराज आणि भोपाळ ही तशीच आणखी दोन. हवाई दलाचे दक्षिणेतील मंडळ तिथून जवळच म्हैसूरला आहे.

लेखी परीक्षा उमेदवार एकटा देतो. बाक, उत्तरपत्रिका आणि निकालही त्याचा एकट्याचा. कब्बन रोडच्या त्या फाटकातून आत गेल्यावर मात्र त्याच्या छातीवर एक क्रमांक चढतो आणि तो आठ-दहा अनोळखी मुलांच्या गटातला एक होतो. पुढचे पाच दिवस त्याला जे काही सिद्ध करायचे असते, त्यातले बरेचसे इतरांच्या सोबतीने, इतरांच्या देखत करायचे असते. आपल्या शाळांतून एकट्याने गुण मिळवण्याचे शिक्षण भरपूर मिळते. चारचौघांत विचार करण्याचे शिक्षण क्वचितच मिळते. म्हणून या परीक्षेचे स्वरूप सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे.

ही पद्धत आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांची निवड अल्पशा मुलाखतीवर होत असे. घराणे कोणते, शाळा कोणती, बोलणे-चालणे कसे, यावर बरेच काही ठरे. निवडलेल्यांपैकी अनेक जण प्रशिक्षणात टिकेनात आणि सामान्य घरांतून आलेल्या गुणी तरुणांना आपल्याला डावलले जात असल्याची भावना येऊ लागली. तेव्हा १९४२ साली एडिंबरा येथे नव्या धर्तीचे निवड मंडळ सुरू झाले. त्यात मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. विल्फ्रेड बायन हे त्यांपैकी एक. त्यांनी मांडलेली कल्पना साधी होती. आठ-दहा जणांना एक काम द्यावे, नेता नेमू नये, आणि काय घडते ते पाहावे. प्रत्येकाला स्वतःची चमक दाखवायची असते आणि काम तर सर्वांनी मिळूनच पुरे होणार असते. या ओढाताणीत माणूस कसा वागतो, यावरून त्याची पारख व्हावी. भारतात १९४३ साली डेहराडूनला या धर्तीचे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर ती पद्धत आपल्या गरजांनुसार घडत गेली आणि आजही तिचा गाभा तोच आहे.

या इतिहासातून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट उचलावी. घराणे, शाळा आणि उच्चार यांवरून होणारी निवड मोडून काढण्यासाठी ही परीक्षा जन्माला आली. ती त्याच्याविरुद्ध रचलेली नाही.

आता त्या पाच दिवसांकडे वळू.

पहिला दिवस चाळणीचा. आधी बुद्धिमापनाच्या दोन प्रश्नपत्रिका. मग पडद्यावर एक अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यात कोण आहेत, काय घडते आहे, पुढे काय होईल, याची कथा प्रत्येकाने चार मिनिटांत लिहायची. नंतर साधारण पंधरा जणांचा गट वर्तुळात बसतो. प्रत्येकाने आपली कथा एका मिनिटाच्या आत सांगायची आणि मग सर्वांनी चर्चा करून एक समाईक कथा ठरवायची. इथेच पहिला घोटाळा होतो. पंधरा जण एकाच वेळी बोलू लागतात आणि वर्तुळाचा मासळीबाजार होतो. काही मुलांना वाटते, जो मोठ्याने बोलेल तो टिकेल. काहींना वाटते, गोंगाट थांबला की बोलू, आणि तो थांबतच नाही. त्याच दिवशी निकाल लागतो. ज्यांचे क्रमांक पुकारले जात नाहीत, ते आपली पिशवी उचलून स्थानकाकडे परततात. त्यांची संख्या थोडी नसते. गावाहून निघताना ज्याला पेढे देऊन निरोप दिला, त्याला दुसऱ्याच दिवशी घरी फोन करावा लागतो. हे कठोर आहे, आणि ते आधीच ठाऊक असलेले बरे.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. बारा चित्रांवर बारा कथा. त्यातले शेवटचे चित्र म्हणजे कोरा पडदा. मग साठ शब्द, एकामागून एक; प्रत्येक शब्द पाहून पंधरा सेकंदांत मनात आलेले वाक्य लिहायचे. त्यानंतर साठ प्रसंग, अर्ध्या तासात. परीक्षेला जाताना वाटेत अपघात दिसला, मित्राने पैसे परत केले नाहीत, संघाचा कर्णधार ऐनवेळी आजारी पडला : काय कराल? शेवटी स्वतःविषयी लिहायचे : आईवडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात, आपण स्वतःला काय समजतो आणि पुढे काय व्हायचे आहे.

तिसरा आणि चौथा दिवस प्रामुख्याने मैदानी गटकार्याचा. या कार्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘ग्रुप टेस्टिंग ऑफिसर’ म्हणतात. आरंभी दोन गटचर्चा. पहिल्या वेळी विषय गटाने निवडायचा, दुसऱ्या वेळी दिलेला. मग नियोजनाचे कार्य. जमिनीवर एखाद्या परिसराचा नमुना किंवा नकाशा मांडलेला असतो आणि एकाच वेळी आलेली तीन-चार संकटे सांगितली जातात. प्रत्येकाने आधी आपली योजना लिहायची, नंतर चर्चा करून गटाची एक योजना ठरवायची आणि गटातल्या एकाने ती मांडायची.

या कार्याचे स्वरूप आपल्या भागातल्या मुलांना समजावून सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला तेव्हा गावोगावच्या तरुणांपुढे नेमके हेच प्रश्न होते. नाव एक, माणसे अनेक. म्हाताऱ्यांना आधी काढायचे की आजाऱ्यांना, गुरांचे काय करायचे, कोणत्या रस्त्यावर पाणी किती आहे आणि कोणाला पोहता येते. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून होते. मंडळापुढील कागदावरचे कार्यही तेच विचारते : कोणते संकट सर्वांत तातडीचे, हाताशी माणसे आणि साधने किती, आणि कोणाला कुठे पाठवले म्हणजे सर्वच कामे वेळेत होतील. जीव वाचवणे आधी, मालमत्ता नंतर, एवढा विवेक ज्याच्याजवळ आहे आणि जो घड्याळाकडे पाहून हिशोब करतो, त्याचे निम्मे काम झालेलेच असते.

त्यानंतर अडथळे. प्रारंभरेषा आणि अंतिम रेषा यांच्यामधल्या जमिनीला पाय लावायचा नाही. लाकडी बल्ली, फळी, दोर आणि एक ओझे गटाच्या हाती दिलेले असते. मध्ये काही आधार उभे असतात. त्यांच्यावरचे रंग सांगतात की कुठे पाऊल ठेवावे आणि कुठे ठेवू नये. लाल रंग म्हणजे निषिद्ध. दोन आधारांमधले मोठे अंतर उडी मारून ओलांडायचे नाही, त्यावर पूल बांधायचा. असे चार अडथळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा कठीण. मग निम्म्या गटाचे कार्य. मग दोराच्या सापासारखे लांबलचक ओझे उचलून गटागटांची शर्यत. तीन मिनिटांचे भाषण. दहा वैयक्तिक अडथळे, तेही तीन मिनिटांत. आणि ‘कमांड टास्क’, ज्यात उमेदवाराला नायक नेमले जाते व आपले सहकारी त्यानेच निवडायचे असतात. शेवटी पुन्हा संपूर्ण गटाचे एक कार्य. या दिवसांतच सवडीने प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत होते. पाचव्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात, एकेका उमेदवाराला काही क्षण समोर बोलावतात, आणि निकाल जाहीर होतो.

मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटकार्याचा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात. लष्करी वर्तुळात या तीन वाटांना आपल्याच परंपरेतले नाव आहे : मनसा, वाचा, कर्मणा. कागदावर मन दिसते, मुलाखतीत वाणी आणि मैदानावर कृती. तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिसला पाहिजे. पाठ केलेल्या कथेत धाडसी नायक रंगवणारा मुलगा मैदानावर फळी उचलायला मागे राहिला, की कथा आपोआप खोटी पडते. साठ शब्दांवर पंधरा-पंधरा सेकंदांत लिहिताना सोंग टिकत नाही. शिकवणी वर्गांनी दिलेली तयार वाक्ये परीक्षकांनी असंख्य वेळा वाचलेली असतात.

आता या विषयाच्या मर्माकडे येऊ. गटात बसलेल्या उमेदवाराची सर्वांत मोठी चूक म्हणजे बाकीच्यांना प्रतिस्पर्धी समजणे. प्रवेशपरीक्षांनी आपल्या मुलांच्या मनात जागांचे गणित पक्के बसवले आहे : दुसरा पुढे गेला म्हणजे आपण मागे पडलो. या मंडळात प्रत्येक गटासाठी ठरावीक जागा नसतात. प्रत्येकाला एकाच मापाने मोजले जाते. गटातले पाचही जण योग्य ठरू शकतात, आणि एकही न ठरण्याची वेळही येते. गुणवत्ता यादी पुढे लागते, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लेखी परीक्षेचे ९०० व मंडळाचे ९०० असे गुण त्यात धरले जातात, हे खरे. पण ती यादी देशभरातली असते. शेजारी बसलेल्या सात क्रमांकाच्या मुलाला गप्प करून कोणाचाही लाभ होत नाही. उलट त्याची चांगली कल्पना उचलून धरली, तर अडथळा पार होतो आणि दोघांचेही गुण दिसतात.

हे पटले की वागणे आपोआप बदलते. गटचर्चेत पहिले बोलायलाच हवे असे नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत बोलावे, कारण फार उशिरा बोलणाऱ्याला बहुधा आधीच्यांचेच शब्द उरतात. मुद्दा एक असावा, त्याला उदाहरण किंवा आकडा असावा, आणि तो अर्ध्या मिनिटात संपावा. बोलताना गटाकडे पाहावे. कोपऱ्यात बसलेल्या अधिकाऱ्याकडे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे खोडताना आधी त्यातला ग्राह्य भाग मान्य करावा. गोंगाट झाला तर आवाज चढवण्याऐवजी काम पुढे नेणारे वाक्य टाकावे : ‘चित्रात माणसे किती, हे आधी ठरवू.’ अशा एका वाक्याने पंधरा जणांचे वर्तुळ शांत होऊ शकते. जो गप्प आहे त्याला संधी द्यावी. पण ती त्याला खरोखर काही विचारून. ‘याला बोलू द्या’ एवढेच म्हणणे हा दिखावा असतो आणि तो ओळखू येतो.

मैदानावरही तेच. कल्पना सुचली तर सांगावी आणि पहिली फळी आपण उचलावी. दुसऱ्याची कल्पना बरी असेल तर आपली सोडून द्यावी. पूल धरून ठेवणारा, ओझे सुरक्षित आणणारा, मागे राहिलेल्या जड अंगाच्या सहकाऱ्याला हात देणारा, हे सारे परीक्षकाला दिसतात. या शाळेच्या मैदानावर खो-खो खेळलेल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. नऊ जणांच्या संघात आठ जण पाठ आलटून-पालटून उकिडवे बसलेले असतात. आपण धावायचे कधी, हे पाठीमागून येणाऱ्या ‘खो’वर ठरते. खो देणाऱ्याने हाव धरली आणि गडी आपणच बाद करतो म्हणाला, तर गडी निसटतो. योग्य क्षणी खो देणे हेही नेतृत्वच होय.

या मंडळात पंधरा गुण शोधले जातात. व्यवहारी बुद्धी, तर्कशक्ती, संघटनकौशल्य, अभिव्यक्ती. सामाजिक समायोजन, सहकार्य, जबाबदारीची जाणीव. पुढाकार, आत्मविश्वास, निर्णयाची तत्परता, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता, प्रसन्नता. निर्धार, धैर्य आणि शारीरिक दमसास. ही यादी लक्षपूर्वक वाचावी. तिच्यात ‘इंग्रजी’ हा शब्द नाही. ‘अभिव्यक्ती’ हा आहे.

तरीही या बाबतीत कोणाची फसवणूक करू नये. मंडळापुढील व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेतही सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. तेव्हा इंग्रजी यायलाच हवे. किती यायला हवे, हा प्रश्न आहे. मनात असलेली गोष्ट लहान, साध्या वाक्यांत, न अडखळता समोरच्यापर्यंत पोहोचवता आली पाहिजे. उच्चार गावचा असला तरी चालेल, एखादा काळ चुकला तरी चालेल. वाक्य अर्धवट सोडून मान खाली घालणे चालत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाची खरी अडचण बहुधा शब्दसंग्रहाची नसते, ती लाजेची असते. त्याला विचार असतो, उत्तर असते, आणि ‘चुकलो तर हसतील’ या भीतीपायी तो बारा मिनिटे गप्प बसतो. परीक्षकाला त्याच्या मनातले उत्तर ऐकू येत नाही.

ही लाज जाण्याचा एकच उपाय आहे : रोज चुकणे. वर्षभर आधीपासून पाच-सहा मित्रमैत्रिणींनी आठवड्यातून दोनदा शाळेच्या आवारात झाडाखाली बसावे. मराठी वृत्तपत्रातला अग्रलेख आधी वाचावा, त्यावर मराठीत चर्चा करावी, कारण विचार स्वभाषेत पक्का होतो. मग तीच चर्चा इंग्रजीत करावी. एकाने घड्याळ लावून तीन मिनिटे बोलावे आणि बाकीच्यांनी कोणता मुद्दा समजला नाही ते सांगावे. कोणी हसू नये असा नियम करू नये. हसण्याची सवय करून घ्यावी. महिन्याभरात लाज निम्मी होते.

तयारीचा दुसरा भाग म्हणजे स्वतःची ओळख. मुलाखतीत अधिकारी एका दमात प्रश्नांची मालिका सांगतो : दहावीपासूनचे गुण, ते कमीजास्त का झाले, आवडते आणि नावडते शिक्षक, जवळचे मित्र, घरी कोण काय करते, रिकाम्या वेळेत काय, कोणता खेळ, कोणती जबाबदारी. सगळे लक्षात ठेवून क्रमाने उत्तर द्यायचे असते. पाठांतर इथे लागत नाही. आपल्याच आयुष्याकडे डोळसपणे पाहिलेले असावे लागते. वडील ऊसतोडीला जात असतील तर तसे सांगावे आणि टनामागे दर काय मिळतो हेही ठाऊक असावे. आई अंगणवाडीत असेल तर तिथे मुले किती, हे माहीत असावे. आपल्या गावाला पाणी कुठून येते, तालुक्यात पीक कोणते, या प्रश्नांना ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाने जगातल्या घडामोडी कितीही पाठ केल्या, तरी त्याचे ज्ञान उसने वाटते.

तिसरा भाग शरीराचा. दोरावर चढणे, बारला लटकून अंग वर खेचणे, तीन-चार किलोमीटर धावणे, उंचीवरून उडी मारण्याची भीती घालवणे. याला व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही. एक झाड, एक दोर आणि पहाटेचा तास पुरतो.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग जबाबदारीचा. स्नेहसंमेलनाचा मंडप, सहलीचा हिशोब, गणेशोत्सवाची वर्गणी, राष्ट्रीय छात्रसेनेचे शिबिर, वर्गाच्या हस्तलिखिताचे संपादन : यांपैकी एखादे काम तरी अंगावर घेऊन शेवटपर्यंत न्यावे. त्यात भांडणे होतील, पैसे कमी पडतील, एखादा मित्र ऐनवेळी येणार नाही. मंडळापुढचे साठ प्रसंग या अनुभवांचीच रूपे आहेत. ज्याने वर्गणीचा हिशोब लावला आहे, त्याला उत्तर सुचवावे लागत नाही, ते आठवते.

महाराष्ट्रातील मुले अधिकारीपदांपर्यंत पुरेशा संख्येने पोहोचत नाहीत, ही जाणीव जुनी आहे. त्यातूनच राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ‘सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. दहावीनंतर निवड होऊन तिथे दोन वर्षे अकरावी-बारावीसोबत ही तयारी करून घेतली जाते. नाशिकमध्ये मुलींसाठीही तशी संस्था आहे. ज्यांना मंडळाच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे त्यांच्यासाठी नाशिक रोडला शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. ही दारे गावागावांतल्या मुलांना माहीत असली पाहिजेत.

मुलींसाठी तर काळ निश्चितच बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये मुली प्रथमच प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेला बसल्या. २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी मुलांच्या खांद्याला खांदा लावून दीक्षान्त संचलनात चालल्या. त्यांनाही याच अंधूक चित्रापासून आणि याच वर्तुळापासून सुरुवात करावी लागली होती.

ज्यांना सैन्यात जायचे नाही त्यांनाही हे उपयोगी आहे. बेंगळुरू, पुणे, हैदराबाद येथील कंपन्या महाविद्यालयांत निवडीसाठी येतात तेव्हा अनेकदा गटचर्चा किंवा गटाने करायचे काम ठेवतात. तिथे बल्ली आणि दोर नसतो. पण वर्तुळ तेच, गोंगाट तोच आणि प्रश्नही तोच : हा माणूस इतरांबरोबर काम करू शकेल का? तिथे जागा मर्यादित असतात हा फरक आहे. तरीही दुसऱ्याला ढकलून पुढे जाणारा सहकारी कोणत्याच कचेरीला नको असतो.

शेवटी अपयशाविषयी. या मंडळातून परतणारे अधिक असतात, राहणारे थोडे. १९५८ साली मद्रासमध्ये विमानशास्त्र शिकलेला एक तरुण डेहराडूनला हवाई दलाच्या मंडळापुढे गेला होता. उमेदवार पंचवीस होते आणि त्या वेळी जागा होत्या आठ. त्याचा क्रमांक नववा आला. लहानपणापासून पाहिलेले वैमानिक होण्याचे स्वप्न एका क्रमांकाने हुकले. विषण्ण मनाने तो हृषीकेशला गेला, स्वामी शिवानंदांना भेटला आणि मग दिल्लीला जाऊन संरक्षण खात्यात तंत्रज्ञाच्या कामावर रुजू झाला. पुढे त्याची नेमणूक बेंगळुरूला झाली. तिथल्या संरक्षण खात्याच्या विमानविकास संस्थेत एका छोट्या गटाचे नेतृत्व करीत त्याने हवेच्या गादीवर तरंगणारे वाहन तयार केले. शंकराच्या वाहनावरून त्याचे नाव ठेवले ‘नंदी’. त्या तरुणाचे नाव अवुल पकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम. ज्याला गटातून निवडले गेले नाही, त्याने पुढे आयुष्यभर गट बांधले आणि अखेरीस तिन्ही सैन्यदलांचा सर्वोच्च सेनापती, म्हणजे राष्ट्रपती झाला.

या कथेचा अर्थ मंडळ चुकले असा घेऊ नये, आणि प्रत्येक अपयशी उमेदवार कलाम होतो असाही घेऊ नये. तिचा अर्थ एवढाच, की पाच दिवसांत मोजली जाते ती त्या पाच दिवसांपर्यंतची घडण. ती पुढेही चालू राहते. वयोमर्यादेत बसेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निवडले गेलेले अधिकारी सैन्यात कमी नाहीत. परत येणाऱ्या मुलाचे स्वागत घराने आणि शाळेने कसे करावे, हाही तयारीचाच भाग आहे. ‘काय झाले?’ या प्रश्नाआधी ‘जेवलास का?’ हा प्रश्न यावा.

साठ वर्षे या शाळेने मराठीत शिकवले. बाकावर शेजारी शेजारी बसून एकमेकांची वही पाहणारी, एकाच डब्यातली भाकरी वाटून घेणारी, वर्गणी काढून मित्राची फी भरणारी मुले इथे घडली. गटात राहण्याचे हे शिक्षण कोणत्याही गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. कब्बन रोडच्या मैदानावर आठ अनोळखी मुलांसमोर एक फळी आणि एक दोर ठेवला जातो, तेव्हा तेच कामी येते. तिथे जाणाऱ्या मुलामुलींनी इंग्रजीची तयारी जरूर करावी. पण जाताना या शाळेत मिळालेली ही शिदोरी विसरू नये.